ग्रेन-फ्री दाण्यातलं पीठ

तात्याचं ड्राय फूड संपत आलं की दुकानात दर वेळी तोच पेच पडतो. (तात्या म्हणजे आमचा बोका.) साधं पाकीट घ्यायचं, की दुपटीहून महाग असलेलं 'हाय प्रोटीन, ग्रेन-फ्री'? गेल्या महिन्यात दोन्हींची लहान पाकिटं घरी आणली. दोन्हींतला एकेक दाणा बशीत घेतला, सुरीनं मधोमध फोडला आणि त्यावर बेटाडीनचा थेंब सोडला. शाळेत बटाट्याच्या कापावर आयोडीन टाकून स्टार्च ओळखायचो, तोच प्रयोग. मका-तांदळाचा दाणा मिनिटभरात काळानिळा पडला. ग्रेन-फ्री दाणाही पडला. थोडा फिका, पण काळानिळाच.

यात कुणी फसवलं असं म्हणता येत नाही. पाकिटावर 'धान्य नाही' असं लिहिलं होतं, 'पीठ नाही' असं नव्हतं. मागच्या यादीत वाटाणा होता, मसूर होती, टॅपिओका होता. टॅपिओका म्हणजे ज्याचा आपण साबुदाणा करतो तोच. म्हणजे हा हिशेब आपल्या उपासासारखा झाला: धान्य चालत नाही, खिचडी चालते.

मांजराला पिठाची गरज नाही हे आता सगळेच सांगतात. मग ते दाण्यात आलं कुठून, आणि धान्य काढल्यावरही गेलं का नाही, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

विकतचं खाणं मुळात मांजरासाठी सुरू झालंच नाही. जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन माणूस ओहायोतून लंडनला इमारतींवर बसवायचे तडितरक्षक विकायला गेला होता. १८६०च्या सुमारास त्यानं गहू, बीट, भाज्या आणि वाळवलेलं मांस यांची कुत्र्यांसाठी बिस्किटं काढली. गिऱ्हाईक होतं शिकारी कुत्री बाळगणारं श्रीमंत कुळ. लंडनच्या मांजरांसाठी तेव्हा वेगळीच सोय होती. उकडलेल्या घोड्याच्या मांसाचे तुकडे काडीला टोचून विकणारे फेरीवाले गल्लोगल्ली फिरत आणि त्यांच्यामागे मांजरांची रांग लागे. आपल्याकडे हे काम मासळीबाजारानं आणि दूधभातानं केलं. बाकीचं मांजर स्वतः बघून घ्यायचं; उंदीर तर त्याच्या नोकरीचाच भाग होता.

पुढे १९२२मध्ये इलिनॉयमधल्या रॉकफर्डहून डबाबंद घोड्याचं मांस कुत्र्यांसाठी विकायला सुरुवात झाली आणि ते चाललंही. मग दुसरं महायुद्ध आलं. पत्रा लढाईकडे वळला, पाळीव प्राण्यांच्या खाण्याला डबे मिळेनात. कंपन्या कागदात बांधता येणाऱ्या कोरड्या खाण्याकडे वळल्या त्या या टंचाईमुळे. मांजराला काय मानवतं हा प्रश्न तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हता.

मांजर पूर्णवेळ घरात आलं तेही एका योगायोगानं. १९४७ साली मिशिगनमध्ये एड लो यानं मातीचे शोषक खडे मांजराच्या विष्ठेसाठी विकायला काढले. त्याआधी लोक राख किंवा वाळू वापरत. ती घरभर पसरायची आणि वास राहायचा. किटी लिटर आल्यावर फ्लॅटमधल्या मांजराला बाहेर सोडण्याची गरज उरली नाही. उंदीर गेले, मासळीबाजार गेला. आता वास न येणारं, दिवसभर वाटीत राहिलं तरी न बिघडणारं खाणं हवं होतं.

ते दिलं एका यंत्रानं. सेंट लुईसची रॅलस्टन प्युरिना ही कंपनी न्याहारीचं सिरियलही बनवायची. त्या कारखान्यातलं एक्स्ट्रूडर तिनं कुत्र्यांच्या खाण्यासाठी वापरून पाहिलं आणि १९५७मध्ये फुगलेला, कुरकुरीत दाणा बाजारात आणला. मांजरासाठीचे दाणे साठच्या दशकात आले.

हे यंत्र समजायला चकलीचा सोऱ्या डोळ्यांसमोर आणा. धान्याचं पीठ, वाळवून दळलेलं मांस आणि पाणी यांचा लगदा लोखंडी नळीत जातो. आत मळसूत्र फिरत असतं, वाफ सोडलेली असते, दाब प्रचंड. लगदा शिजत शिजत पुढे सरकतो आणि साच्याच्या भोकातून बाहेर पडतो. बाहेर येताच दाब सुटतो, आतल्या पाण्याची एकदम वाफ होते आणि दाणा फुलतो. फिरतं पातं त्याचे तुकडे पाडतं, मग ते वाळवतात. कुरकुरे असेच होतात.

आता चकली करणाऱ्या कुणालाही माहीत असतं की मोहन जास्त पडलं की चकली कढईत विरते. इथंही तेच. शिजलेला स्टार्चच दाण्याला बांधून धरतो आणि फुगू देतो. नुसत्या मांस-चरबीच्या लगद्याचा असा दाणा होत नाही; त्याचा भुगा होतो किंवा यंत्रात चिकटा बसतो. म्हणून पीठ घालायचं, आणि अमेरिकेच्या मध्यभागात सगळ्यांत स्वस्त पीठ मक्याचं. दाण्यातलं पीठ ही मशीनची भूक आहे. ती मांजराची होती असं कुणी तेव्हाही म्हणत नव्हतं.

मांजर मात्र अशा दाण्याला तोंड कसं लावणार? तर वाळलेल्या दाण्यावर शेवटी चरबी आणि यकृत-आतडी विरघळवून केलेला अर्क फवारतात. आपण वरून फोडणी ओततो तसं. या फोडणीकडे पुन्हा यायचं आहे.

मांजर म्हणजे लहान कुत्रं नव्हे, हे प्रयोगशाळेला कळायला सत्तरचं दशक उजाडलं, आणि कळलं तेही मांजरं आंधळी होऊ लागल्यावर. टॉरिन नावाचा एक पदार्थ १८२७ साली बैलाच्या पित्तात सापडला होता. लॅटिनमध्ये टॉरस म्हणजे बैल, म्हणून हे नाव. बहुतेक सस्तन प्राणी तो स्वतः पुरेसा बनवतात. मांजराला तेवढा बनवता येत नाही. मांसात तो असतो, धान्यात आणि कडधान्यात जवळजवळ नसतोच. १९७५मध्ये दाखवून दिलं गेलं की टॉरिन नसलेल्या खाण्यावर मांजरांचा दृष्टिपटल झिजतो. मग कंपन्यांनी टॉरिन घालायला सुरुवात केली, पण ते कमी पडत होतं. १९८७मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केलं की नावाजलेलं तयार खाणं खाणाऱ्या मांजरांचंही हृदय टॉरिनच्या तुटवड्यानं सैल पडून मोठं होतं, आणि टॉरिन दिलं की ते बरंही होतं. हृदयाचा असा आजार उलटा फिरणं ही तेव्हा मोठी बातमी होती. त्यानंतर खाण्यातलं टॉरिन वाढवलं गेलं आणि मांजरांमधला हा आजार झपाट्यानं कमी झाला.

त्याच डेव्हिसमध्ये जेम्स मॉरिस आणि क्विंटन रॉजर्स यांनी आणखी एक गोष्ट शोधली होती. आर्जिनिन हे अमिनो आम्ल (प्रथिनांची एक वीट) नसलेलं एकच जेवण मांजराला दिलं तर काही तासांत त्याच्या रक्तात अमोनिया साठतो. कारण मांजराचं यकृत प्रथिनं जाळण्याची भट्टी कायम पेटती ठेवतं, आणि तिच्यातून निघणारा अमोनिया निस्तरायला आर्जिनिन लागतं. खाण्यात प्रथिनं कमी आली की इतर प्राणी ती भट्टी मंद करतात. मांजराला ते फारसं जमत नाही. बाहेरून सरपण आलं नाही तर ते स्वतःचे स्नायू जाळू लागतं. गाजरातल्या कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्वही ते बनवू शकत नाही. २००५मध्ये कळलं की गोडाची चव ओळखणारा जीनच मांजरांत निकामी आहे. बासुंदीच्या पातेल्याशी घुटमळणारा बोका साखरेसाठी येत नाही, सायीसाठी येतो.

मोकळ्या फिरणाऱ्या मांजरांच्या शिकारीचा हिशेब मांडला तेव्हा ऊर्जेतला ५२ टक्के वाटा प्रथिनांचा, ४६ टक्के चरबीचा आणि जेमतेम २ टक्के कर्बोदकांचा निघाला. 'हाय प्रोटीन' या शब्दामागे असं तीस वर्षांचं पक्कं काम आहे. 'ग्रेन-फ्री'ची कुळकथा वेगळी आहे.

मार्च २००७मध्ये कॅनडाच्या मेनू फूड्स कंपनीनं ६ कोटींच्या आसपास डबे आणि पाऊच बाजारातून परत मागवले. मांजरं आणि कुत्री मूत्रपिंड निकामी होऊन मरत होती. चौकशीत बोट चीनहून आलेल्या ग्लुटेनकडे, म्हणजे गव्हातल्या चिकट प्रथिनाकडे गेलं. त्यात मेलामाइन मिसळलेलं होतं. ज्याची ताटं-वाट्या बनतात ते मेलामाइन. खाण्यात ते का मिसळावं? कारण १८८३मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यानं शोधलेली प्रथिनं मोजण्याची रीत. ती प्रथिनं मोजतच नाही. ती नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५नं गुणते. प्रथिनांत नायट्रोजन साधारण १६ टक्के असतो, मेलामाइनमध्ये ६६. चिमूटभर टाकलं की पिठाचंही कागदावर ग्लुटेन होतं. पुढच्याच वर्षी चीनमध्ये तान्ह्या मुलांच्या दूधभुकटीत हीच युक्ती निघाली.

गंमत अशी की परत मागवलेला माल मुख्यतः रश्श्याचा, ओला होता, आणि मारक ठरलं ते रसायन, गहू नव्हे. पण घाबरलेल्या माणसाला यादीतला 'गहू' हा शब्द दिसला. अमेरिकेत माणसांच्या ताटातूनही तेव्हा ब्रेड आणि ग्लुटेन हद्दपार होत होतं. शिंकं तुटलं आणि बोक्याचं फावलं. कॅनडातल्या अल्बर्टाच्या चॅम्पियन पेटफूड्ससारख्या काही कंपन्या भरपूर मांसाचं, बिनधान्याचं ड्राय फूड आधीपासून करत होत्या, त्यांना सुगी आली. मागोमाग सगळेच उतरले. पाकिटांवर लांडगे आणि चित्ते आले. मशीनची भूक मात्र तशीच होती. मक्याच्या जागी वाटाणा, मसूर, छोले, बटाटा आणि साबुदाणा नळीत जाऊ लागले.

यातून आणखी एक गोष्ट साधली. वाटाण्याचं पीठ दाणा बांधतं आणि वर नायट्रोजनही देतं. वाटाण्याचं प्रथिन वेगळं काढून घातलं तर पाकिटावरचा आकडा सहज चढतो. केल्डालच्या रीतीला ते कोंबडीचं की वाटाण्याचं हे कळत नाही. मांजराच्या शरीराला कळतं, कारण कडधान्यात मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी आणि टॉरिन नाहीच.

जुलै २०१८मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, जाहीर केलं की कडधान्य आणि बटाटा भरपूर असलेलं खाणं आणि हृदय मोठं होण्याचा आजार यांचा संबंध तपासत आहोत. एप्रिल २०१९पर्यंतच्या ५२४ नोंदींपैकी ५१५ कुत्र्यांच्या होत्या, मांजरांच्या फक्त ९. नोंदींतली ९० टक्क्यांहून जास्त उत्पादनं ग्रेन-फ्री होती. कारण ठामपणे सिद्ध झालं नाही आणि २०२२च्या अखेरीस एफडीएनं नवं काही ठोस हाती लागेपर्यंत याबद्दल जाहीर माहिती देणं थांबवायचं ठरवलं. घबराट पुन्हा उलट्या दिशेनं धावली, एवढं झालं. माझं मत विचाराल तर मांजराला धान्य घातक असल्याचा पुरावा तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. शिजलेला स्टार्च ते बऱ्यापैकी पचवतं. खाण्याची ॲलर्जी झालेल्या मांजरांत दोषी सापडतात ते बहुधा बीफ, मासे आणि कोंबडी. गहू-मका त्यांच्या मागे. प्रश्न पीठ किती आहे हा आहे, कशाचं आहे हा नाही.

ते किती हे पाकिटावर सहसा छापत नाहीत, पण वजाबाकीनं निघतं. शंभरातून प्रोटीन, फॅट, फायबर, ओलावा आणि राख वजा करायची. राख म्हणजे क्षार. आकडा दिला नसेल तर ८ धरा. माझ्या साध्या पाकिटावर ३०, १०, ४ आणि १० होते, उरलं ३८. महागड्यावर ४०, १८, ३ आणि ८, उरलं २३. ऊर्जेत सांगायचं तर पहिल्यात सुमारे दोन पंचमांश पिठाची, दुसऱ्यात एक पंचमांशाच्या थोडी वर. फरक खरा आहे, पण उंदराच्या २ टक्क्यांपासून दोन्ही लांबच. अमेरिकी निकषात मोठ्या मांजरासाठी कोरड्या वजनाच्या २६ टक्के प्रथिनं ही किमान मर्यादा आहे, वाढत्या पिल्लासाठी ३०. दोन्ही पाकिटं त्यात बसतात. मग मी यादीचे पहिले चार-पाच शब्द वाचतो, कारण यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. मांस किंवा मासे वर आणि वाटाणा-मसूर खाली असेल तर पैसे द्यावेसे वाटतात. वाटाणा, वाटाण्याचं प्रथिन, वाटाण्याचं स्टार्च अशी एकाच कडधान्याची तीन नावं वेगवेगळी टाकून प्रत्येकाला खाली ढकललेलं असेल तर पाकीट परत ठेवतो.

ज्या घरात मांसमच्छी येत नाही तिथं ड्राय फूडचं पाकीट हाच मधला मार्ग असतो, हे मी शेजारी पाहतो. त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगतो: दाण्यात पाणी दहा टक्क्यांच्या आत असतं, उंदरात सत्तरच्या आसपास. मांजराचा पूर्वज वाळवंटातला, त्याला तहान उशिरा लागते. प्रोटीन कितीही चढवलं तरी ही उणीव कोरड्या दाण्यातून भरत नाही. निदान रात्री ओलं खाणं द्यावं, किंवा दाण्यांवर कोमट पाणी घालावं. पाकीट बदलायचं तर आठ-दहा दिवस जुन्यात नवं मिसळत जावं. 'भूक लागली की खाईल' म्हणून मांजराला अडून बसू देऊ नये. दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठते आणि ते जिवावर बेततं.

बेटाडीनच्या प्रयोगातून उरलेले दाणे मी दोन वाट्यांत घालून तात्यापुढे ठेवले. त्यानं दोन्ही हुंगल्या आणि सरळ साध्या पाकिटाची वाटी चाटूनपुसून साफ केली. त्या कंपनीची फोडणी जास्त खमंग असणार.