‘आम्हाला कुणी सांगितलंच नाही’: वाढत्या व्यवसायातल्या विभागांसाठी

पाच माणसं एका खोलीत बसून धंदा करत होती, तेव्हा ‘समन्वय’ हा शब्द तुमच्याकडे कुणी उच्चारलाही नसेल. ऑर्डर आली की सगळ्यांच्या कानावर पडायची. मग काम वाढलं, माणसं वाढली, सेल्स, परचेस, प्रॉडक्शन, स्टोअर, डिस्पॅच, अकाउंट्स असे विभाग झाले, आणि कधीतरी ते वाक्य पहिल्यांदा ऐकू आलं: “आम्हाला कुणी सांगितलंच नाही.” लगेच दुसरं: “मेल टाकला होता ना!”

ही वाक्यं ऐकून मालक हताश होतात. माणसं चुकीची घेतली की काय, असं त्यांना वाटू लागतं. त्यांना आम्ही आधी एक साधा हिशोब दाखवतो. 5 माणसांत एकमेकांशी बोलणाऱ्या जोड्या 10 होतात. 15 माणसांत 105 आणि 50 माणसांत 1225. माणसं दहापट झाली, पण जोड्या शंभर पटींहून जास्त वाढल्या. कानावर पडून चालणारं काम कधी ना कधी अडणारच होतं. त्यात कुणाचा स्वभाव आडवा आलेला नाही.

म्हणून विभागांची भांडणं सोडवायला बोलावलं की आम्ही भांडणाऱ्यांकडे नंतर जातो. काम एका हातातून दुसऱ्या हातात जिथे जातं, ती जागा आधी बघतो.

एका शब्दाचे तीन अर्थ

ऑर्डरवर लिहिलेली तारीख घ्या. 20 तारीख. सेल्सच्या मते त्या दिवशी माल ग्राहकाच्या हातात पडायला हवा. प्रॉडक्शनच्या मते त्या दिवशी माल तयार व्हायला हवा. डिस्पॅचच्या मते त्या दिवशी गाडी भरायची. तिघंही आपापल्या परीने वेळेवर, आणि तरीही ग्राहकाला माल तीन दिवस उशिरा. मग बैठक बसते, तिघंही खरं बोलतात आणि तिघांनाही समोरचा खोटारडा वाटतो.

मोठमोठ्यांचंही असंच होतं. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान 23 सप्टेंबर 1999 रोजी मंगळाजवळ पोचून नष्ट झालं. एका गटाच्या सॉफ्टवेअरने इंजिनांच्या धक्क्याचे आकडे पाउंड-सेकंदांत दिले, दुसऱ्या गटाने ते न्यूटन-सेकंदांत आहेत असं धरलं. फरक जवळजवळ साडेचार पटींचा. दोन्ही गट हुशार होते. काही गटांमधला संवाद फारच अनौपचारिक होता, हेही चौकशीत नोंदवलं गेलं. तोंडी सांगितलं, समोरच्याने मान डोलावली, विषय तिथेच राहिला. तुमच्या कामातही हे रोज घडत असणार.

आम्ही नेमकं काय करतो

सेल्स आणि प्रॉडक्शनच्या माणसांना एका टेबलाशी बसवून एक कोरा कागद देतो. ऑर्डर तुमच्याकडे आली की काम सुरू करायला काय काय लागतं, ते प्रॉडक्शनने लिहायचं. सेल्सने ते वाचायचं, जे जमणार नाही ते तिथेच सांगायचं. पहिल्या अर्ध्या तासात आवाज चढतात, ते आम्ही चढू देतो. त्यानंतर कागदावर सहसा सात-आठ ओळीच उरतात, आणि ‘तारीख’ या शब्दाच्या जागी ‘ग्राहकाकडे पोचण्याची तारीख’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तेच तुमचं नवं ऑर्डर कार्ड.

त्यानंतरचा नियम कडक आहे आणि तो मोडू नका अशी आमची कळकळीची विनंती आहे: कार्ड अपुरं असेल तर पुढचा विभाग ते परत पाठवू शकतो. ऑर्डर साहेबांच्या ओळखीची असली तरी. जपानी गुणवत्तातज्ज्ञ काओरू इशिकावा यांनी आग्रहाने मांडलं होतं की कामाचा पुढचा टप्पा हाच तुमचा ग्राहक. बाहेरच्या ग्राहकाला आपण अर्धवट माल देत नाही, मग शेजारच्या विभागाला अर्धवट ऑर्डर का द्यायची?

‘अर्जंट’ या शिक्क्याचाही बंदोबस्त करावा लागतो. प्रत्येक कार्डावर अर्जंट असेल तर प्रॉडक्शन तो शब्द वाचणंच सोडून देतं. एका वेळी किती ऑर्डरी अर्जंट चालतील तो आकडा ठरवा. नवी अर्जंट घालायची तर जुनी कुठली मागे सरकणार, हे सेल्सनेच सांगावं.

टार्गेटचं बघा

इथे मालकांनाच थोडं कटू ऐकावं लागतं. सेल्सला बक्षीस ऑर्डरच्या रकमेवर, स्टोअरला शाबासकी साठा कमी ठेवल्याबद्दल आणि अकाउंट्सला वसुलीबद्दल, असं असेल तर तुम्हीच त्यांना तीन दिशांना ओढताय. सेल्स उधारीवर माल देणार, अकाउंट्स ती ऑर्डर अडवणार, आणि दोघंही नेकीने काम करत असणार. अशा ठिकाणी सहलीला नेऊन किंवा खेळ खेळवून काही बदलत नाही. निदान एक आकडा सगळ्यांचा सामाईक ठेवा. आमची पसंती ‘ठरल्या तारखेला, पूर्ण आणि बरोबर पोचलेल्या ऑर्डरी’ या आकड्याला आहे, कारण तो कुठल्याही एका विभागाला एकट्याने वाढवता येत नाही.

सॉफ्टवेअर घ्यायचं का, हे बरेच जण पहिल्याच फोनवर विचारतात. घ्या, पण कार्ड महिनाभर कागदावर चालवून बघितल्यावर. गोंधळ तसाच संगणकावर चढवला तर तो फक्त लवकर पसरतो.

पहिल्या भेटीसाठी आम्हाला तुमचा आराखडा, पदांची यादी असं काही नको. नुकतीच पूर्ण झालेली एकच ऑर्डर काढून ठेवा, सगळ्या कागदांसकट: पहिला मेल, कार्ड, चलन, बिल, मध्ये झालेले मेसेज. आणि ती ज्यांच्या हातांतून गेली, त्या प्रत्येक विभागातलं एक माणूस तासभर मोकळं ठेवा.