निवाऱ्याची गाडी की भिक्षेकरी गृहाची?

थंडीच्या दिवसांत नाशिकच्या गोदाघाटावर रात्री 'चला, निवाऱ्यात झोपा' म्हणणारी माणसे आली की काही जण वळकटी उचलून गाडीत बसतात आणि काही जण तीच वळकटी काखोटीला मारून गाडगे महाराज पुलाच्या पलीकडे दिसेनासे होतात. बघणाऱ्याला वाटते, फुकट छप्पर मिळतेय तर यांना नको कशाला? 'यांना रस्त्याचीच सवय' असेही कोणीतरी म्हणून टाकतो. पळणाऱ्याची अडचण वेगळीच असते. गाडी कसली आहे, हे त्याला कळलेले नसते. रात्र निवारा आणि भिक्षेकरी गृह ही दोन्ही नावे त्याने एकाच दमात ऐकलेली असतात. खरे तर आपल्यापैकी कितीजणांना त्यातला फरक सांगता येईल?

आधी निवारा. तो महापालिकेच्या अखत्यारीतला. दिल्लीच्या थंडीत बेघरांचे जीव जात असताना, २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने शहरांना लाख लोकसंख्येमागे एक निवारा उभारायला सांगितले. पुढे २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात तोच निकष आला. त्यासोबत माणशी किमान ५० चौरस फूट जागा, पाणी, संडास-न्हाणीघर, अंथरूण-पांघरूण, प्रथमोपचार आणि सामान ठेवायला कप्पा हेही आले. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती. त्या जुन्या आकड्यावर हिशेब केला तरी पंधराएक निवारे हवेत. लोक रात्र निवारा म्हणत असले तरी निकषाप्रमाणे तो चोवीस तास आणि बाराही महिने चालायला हवा. थंडीतली मोहीम ही वरची भर आहे. निवाऱ्यातून आधार कार्ड, रेशन, पेन्शन अशा गोष्टींशी माणसाला जोडून द्यावे, अशीही अपेक्षा आहे. ओळखपत्र नाही म्हणून दारातून परत पाठवणे या योजनेच्या हेतूतच बसत नाही. ज्याच्याकडे कागद असते, तो बहुधा पुलाखाली झोपलाच नसता.

निवाऱ्यात माणूस आपल्या मर्जीने येतो आणि सकाळी आपल्या मर्जीने बाहेर पडतो. नोंदवहीत नाव-गाव सांगायचे, सही किंवा अंगठा करायचा, झाले. त्या नोंदवहीला शिक्षेचा कागद समजू नये.

भिक्षेकरी गृह म्हणजे तो शिक्षेचा कागद. त्याचे मूळ १९५९ च्या मुंबई भीक मागण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमात आहे. हा विषय महापालिकेचा नाही. ही गृहे राज्याच्या महिला व बालविकास विभागाकडे येतात. चेंबूरचे भिक्षेकरी गृह बहुतेकांना ऐकून माहीत असते. या कायद्याखाली पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. माणसाला न्यायालयापुढे उभे करतात, तिथे संक्षिप्त चौकशी होते, आणि भीक मागत होता असे ठरले तर किमान एक ते कमाल तीन वर्षे गृहात ठेवण्याचा आदेश निघू शकतो. पुन्हा पुन्हा सापडला तर ही मुदत दहा वर्षांपर्यंत जाते. समज देऊन बंधपत्रावर सोडण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. पण रामकुंडावरच्या एकट्या म्हातारीसाठी वकील कोण उभा करणार आणि बंधपत्र कोण लिहून देणार, हे विचारायलाच नको.

आता कायद्यातली सगळ्यात गोम असलेली जागा. हात पसरून पैसे मागणे ही भीक, हे कोणालाही पटेल. पण व्याख्या तिथे थांबत नाही. सार्वजनिक ठिकाणी गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, किरकोळ वस्तू विकायला पुढे करणे अशा निमित्ताने भीक मागणे किंवा घेणे हेही तीत येते. शिवाय, उदरनिर्वाहाचे उघड साधन नसताना, हा भीक मागूनच जगत असावा असे वाटेल अशा अवस्थेत रस्त्यावर भटकणारा किंवा नुसता बसून राहणाराही तीत येतो. म्हणजे हात पसरायचीसुद्धा गरज नाही, नुसते तसे दिसणे पुरते. मळके कपडे, अंगावर पोते आणि मंदिराबाहेरची जागा, एवढ्यावर माणूस या कलमात बसवता येतो. बेघर असणे आणि भीक मागणे यांतली रेघ कायद्यानेच पुसली आहे. मग घाटावरच्या माणसाने ती ओळखावी, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची? दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये, दिल्लीला लागू असलेल्या याच कायद्यातली, भीक मागणे गुन्हा ठरवणारी कलमे घटनाबाह्य ठरवली. तो निकाल दिल्लीपुरता होता, महाराष्ट्रातला कायदा त्याने हटला नाही.

म्हणूनच 'नको रे बाबा, तिकडे डांबून ठेवतात' असे एखाद्या आजी म्हणाल्या तर ती नुसती अफवा समजू नये. आजींची फक्त गाडी ओळखण्यात गफलत झालेली असते. या गफलतीला आपली भाषाही हातभार लावते. 'भिकाऱ्यांची निवाऱ्यात रवानगी' असा मथळा छापला की एका ओळीत दोन्ही खाती एक होतात. रवानगी कैद्याची होते, निवाऱ्यात झोपायला आलेल्या माणसाची नाही. सणावाराला किंवा कुंभमेळ्याच्या तोंडावर 'शहर भिकारीमुक्त करा' अशी मागणी होते, तेव्हा तर हा गोंधळ सोयीचाच ठरतो.

यात सर्वात जास्त भरडली जातात ती मजुरांची कुटुंबे. पेठ-सुरगाण्याकडून निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत आणि शहरातल्या बांधकामांवर कामाला आलेले आदिवासी नाक्यावर किंवा मोकळ्या मैदानात पालात झोपतात. सकाळी त्यांची मजुरी ठरते, रात्री मात्र त्यांच्याकडे 'उघड साधन' दाखवायला काही नसते. त्यांना भिक्षेकरी गृहात नेणे तर निव्वळ अन्याय, पण साधा निवाराही त्यांच्या उपयोगी पडेलच असे नाही. पुरुष एकीकडे, बाया-पोरे दुसरीकडे, अशी वाटणी झाली की पहाटे मुकादमाची गाडी पकडायची कशी? निकषांत कुटुंबांसाठी, स्त्रियांसाठी, वृद्धांसाठी वेगळ्या निवाऱ्यांचा विचार आहे. नाशिकसारख्या शहरात माझ्या मते पहिली गरज कुटुंब निवाऱ्यांची आहे.

या दोन टोकांच्या मध्ये २०२२ पासून केंद्राची 'स्माइल' योजना आहे. भीक मागणाऱ्यांचे सर्वेक्षण, समुपदेशन, प्रशिक्षण आणि पुनर्वसन हे तिचे काम. त्यासाठी निवडलेल्या धार्मिक व पर्यटन शहरांत त्र्यंबकेश्वरही आहे. तिचा सूर शिक्षेचा नाही. तरी 'भिकाऱ्यांची योजना' म्हटले की लोकांना जुना कायदाच आठवतो.

थंडीचेही थोडे. हवामान खात्याच्या हिशेबाने सपाट भागात किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली येऊन सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा अधिक घसरले, की थंडीची लाट म्हणतात. उघड्यावर झोपणाऱ्याला मात्र लाट जाहीर होण्याची वाट बघून चालत नाही. घाटाच्या दगडी पायऱ्या अंगातली ऊब खालून ओढून घेतात. म्हणून ब्लँकेट वाटणाऱ्यांनी पुठ्ठा, गोणपाट, फोमची पट्टी असे काही अंगाखाली घालायला आधी द्यावे. ओले कपडे अंगावर असतील तर ते बदलावेत. दारूने ऊब येते हा समज घातक आहे. त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि शरीर आणखी लवकर गार पडते. थरथरणारा माणूस अजून झुंजत असतो. थरथर थांबून तो अडखळत बोलू लागला, पेंगू लागला, तर तो झोपेला आलाय असे समजू नका. तेव्हा गाडी निवाऱ्याची नको, १०८ ची हवी.

काही जणांची जागा निवाऱ्यातही नाही आणि भिक्षेकरी गृहातही नाही. एकटे लहान मूल दिसले तर १०९८ या हेल्पलाइनला कळवावे, पुढे बालकल्याण समिती बघते. मानसिक आजाराने भरकटलेल्या माणसासाठी २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे. त्याला संरक्षणात घेणे ही पोलिसांची जबाबदारी आहे, त्याला कोठडीत टाकता येत नाही आणि २४ तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत न्यावे लागते. वृद्धांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

आपण घाटावर उभे असू आणि गाडी आली, तर नेणाऱ्यांनाच दोन प्रश्न विचारायचे: कुठे नेताय, आणि सकाळी यांना बाहेर पडता येईल का? पालिकेच्या निवाऱ्याचा माणूस पत्ता आणि 'हो' दोन्ही पटकन सांगेल. पोलीस असतील आणि न्यायालयाचे नाव निघाले, तर प्रकरण दुसरे आहे. मग कोणत्या कायद्याखाली नेताय आणि कोणत्या न्यायालयात हजर करणार, हे विचारून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. मोफत वकील तिथून मिळतो.

आणि कोणी यायला नकार दिला तर ओढाताण करू नये. आधी कारण विचारावे. अनेकदा सामानाची भीती असते, कधी हातगाडी मागे टाकवत नाही, कधी सोबतचे कुत्रे. त्यावर तोड निघाली तर बरे. नाहीच निघाली, तर निवारा नेमका कुठे आहे, कोणत्या चौकातून आत वळायचे, हे मावशींना किंवा बाबांना तोंडी दोनदा सांगून ठेवावे. पहाटे तीनला थंडी सोसवेनाशी झाली, तर त्या वेळीही तिथले दार वाजवता येते, हेही सांगावे.