विम्याचा बाँड आणि सीमाभाग : भारतीय विमाबाजाराच्या वाढीची पार्श्वभूमी

२०२३-२४ या वर्षात भारतातील आयुर्विमा कंपन्यांकडे सुमारे ८ लाख ३० हजार कोटी रुपयांचा हप्ता जमा झाला आणि सर्वसाधारण (वाहन, आग, आरोग्य अशा) विमा कंपन्यांकडे सुमारे २ लाख ९० हजार कोटींचा. खासगी कंपन्यांना दार उघडले त्या २०००-०१ मध्ये आयुर्विम्याचा हप्ता ३५ हजार कोटींच्या आसपास होता. एवढ्यावरून वाढ सरळ चढत गेली असे वाटेल. पण देशाच्या एकूण उत्पन्नाशी हप्त्याचे प्रमाण ताडून पाहिले तर वेगळेच चित्र दिसते. हे प्रमाण २००१ मध्ये २.७१ टक्के होते, २००९ मध्ये ते ५.२० टक्क्यांपर्यंत गेले आणि २०२३-२४ मध्ये पुन्हा ३.७ टक्क्यांवर आले. जगाची सरासरी सुमारे ७ टक्के आहे. रक्कम वाढत राहिली आणि प्रमाण मात्र घसरले, हे कसे झाले याचा उलगडा आजच्या आकड्यांतून होत नाही. त्यासाठी विमा या देशात कोणी, कोणासाठी आणि कोणत्या भाषेत विकला, हे पाहावे लागते. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातून तो इतिहास विशेष स्पष्ट दिसतो, कारण इथल्या माणसाने मुंबईचा विमाही पाहिला आहे आणि म्हैसूरचाही.

भारतातली पहिली आयुर्विमा कंपनी १८१८ मध्ये कलकत्त्यात निघाली, ती युरोपियनांसाठी. पुढे हिंदी (म्हणजे भारतीय) लोकांचा विमा उतरवला जाऊ लागला तेव्हाही त्यांच्याकडून जादा हप्ता घेतला जाई, कारण त्यांचे आयुष्य अधिक जोखमीचे मानले जाई. १८७०च्या सुमारास स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअलने हिंदी माणसाला सर्वसाधारण दराने विमा द्यायला सुरुवात केली आणि १८७४ मध्ये मुंबईतच ओरिएंटल उभी राहिली. स्वदेशीच्या चळवळीने या धंद्याला राष्ट्रकार्याचे रूप दिले. अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ मध्ये साताऱ्यात वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली, तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यातच होते आणि मुंबई-पुण्याच्या सार्वजनिक जीवनाशी त्याचे रोजचे दळणवळण होते. लोकमान्यांनी १९१६ मध्ये होमरूल लीगची स्थापना बेळगावात केली, यावरून ते नाते किती घट्ट होते हे कळते.

याच काळात दक्षिणेकडे म्हैसूर संस्थानात दुसरी परंपरा घडत होती. संस्थानाने १८९१ मध्ये आपल्या नोकरांसाठी सरकारी विमा सुरू केला. मुंबईकडचा विमा भागधारकांच्या किंवा सभासदांच्या भांडवलावर उभा राहिला, तर म्हैसूरचा सरकारी पगारातून कापून घेतलेल्या हप्त्यावर. या दोन वाटा बेळगावात एकत्र येतील, असे तेव्हा कोणाच्या मनातही आले नसेल.

त्या एकत्र आल्या १९५६ मध्ये, आणि हे वर्ष सीमाभागातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. १९ जानेवारी १९५६ रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढून आयुर्विम्याचा कारभार ताब्यात घेतला. तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी हा निर्णय आकाशवाणीवरून देशाला सांगितला. आधीच्या दशकांत अनेक कंपन्या बुडाल्या होत्या, आणि दालमिया उद्योगसमूहाने आपल्या विमा कंपनीच्या पैशाचा केलेला गैरवापर फिरोज गांधी यांनी लोकसभेत उघड केला होता. १५४ देशी कंपन्या, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या (छोट्या रकमेचा विमा देणाऱ्या संस्था) मिळून १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. त्या दिवशी देशमुख मंत्रिमंडळात नव्हते; मुंबईच्या प्रश्नावरून त्यांनी जुलैमध्येच राजीनामा दिला होता. आणि बरोबर दोन महिन्यांनी, १ नोव्हेंबरला, चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. ज्या राज्यपुनर्रचनेच्या वादात महामंडळाचा शिल्पकार सत्तेबाहेर पडला, त्याच पुनर्रचनेने इथल्या विमेदाराचे राज्य बदलले. मराठी माणसाने या दोन घटना एकत्र आठवायला हव्यात, असे मला मनापासून वाटते.

याचा परिणाम अगदी घरगुती पातळीवर झाला. बेळगाव जिल्ह्यातला मराठी शाळेचा मास्तर आता म्हैसूर राज्याचा नोकर होता, आणि १९५८ च्या नियमांनी त्या राज्यात सरकारी नोकरांना राज्याच्या विमा खात्याची पॉलिसी सक्तीची झाली. पलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगड किंवा गडहिंग्लजमध्ये तीच पुस्तके शिकवणाऱ्या मास्तरांची विम्याची व्यवस्था वेगळ्या राज्याकडे राहिली. महामंडळाच्या आजच्या रचनेतही ही रेष दिसते : बेळगावचे विभागीय कार्यालय हैदराबादच्या दक्षिण-मध्य झोनखाली येते आणि कोल्हापूरचे मुंबईच्या पश्चिम झोनखाली. तक्रार विमा लोकपालाकडे न्यायची झाली तर कोल्हापूरकराला पुणे आणि बेळगावकराला बेंगळुरू. ऑनलाइन तक्रार आणि दूरदृश्य सुनावणीची सोय आता झाली असली, तरी पाचशे किलोमीटरांचे ते अंतर ऐकूनच पूर्वी अनेकांनी नाद सोडला.

राष्ट्रीयीकरणानंतरची चाळीस वर्षे विम्याने खेड्यात पाय रोवले ते एजंटाच्या सायकलवरून. 'योगक्षेमं वहाम्यहम्' हे गीतेतले वचन बाँडवर, म्हणजे पॉलिसीच्या कागदावर, वाचून विश्वास ठेवणारी पिढी ही. आमच्याकडे हप्ता बहुधा सहामाही असे आणि तो कारखान्याचे उसाचे बिल आले की किंवा सुगी झाली की भरला जाई. एजंट हा गावातलाच, बहुतेक वेळा शिक्षक किंवा त्याचा मुलगा. तो फॉर्म वाचून दाखवी, भरून देई, सही कुठे करायची तिथे पेन्सिलने फुली मारून ठेवी. फॉर्म इंग्रजीत, कार्यालयातली बोली कन्नड आणि विमेदार मराठी. या तिन्हींमध्ये एकटा एजंट उभा होता. विमाविस्ताराच्या अभ्यासात त्याचे कमिशन मोजले जाते. त्याचे दुभाषेपण कोणी मोजत नाही. माझ्या मते सीमाभागात विमा रुजला तो याच दुभाषेपणावर.

त्यात काय अडू शकते हे आमच्या घराने अनुभवले आहे. चुलते वारले तेव्हा बाँडवर त्यांचे नाव 'लक्ष्मण' होते आणि मृत्यूचा दाखला कन्नड नोंदीवरून इंग्रजीत आला तेव्हा तो 'लक्ष्मणा' होऊन आला. नावाच्या शेवटी एक 'आ' वाढला आणि क्लेमची फाइल थांबली. काकूंनी नोटरीपुढे ॲफिडेव्हिट केले, ग्रामपंचायतीचा दाखला आणला, दोन साक्षीदार उभे केले, आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच होती हे शाबीत व्हायला आठ महिने गेले. रक्कम शेवटी मिळाली. पण त्या आठ महिन्यांत सोसायटीचे कर्ज थकले, त्यावर व्याज चढले, आणि विमा ज्या वेळेसाठी काढला होता ती वेळ निघून गेली.

सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण १ जानेवारी १९७३ पासून झाले. १०७ कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या. १९८६ मध्ये मेडिक्लेम आला. वाहनाचा तृतीय पक्ष विमा (अपघातात दुसऱ्याच्या नुकसानीचा) १९४६ पासूनच सक्तीचा होता, त्यामुळे निपाणीपासून बेळगावमार्गे धारवाडकडे जाणाऱ्या महामार्गावर ट्रकवाल्यांना विमा ठाऊक होता, शेतकऱ्यांना मात्र नव्हता.

शेतीच्या विम्याकडे इथे अंमळ थांबून पाहिले पाहिजे, कारण त्यामागचे दोन्ही मोठे विचार बेळगावच्या दोन बाजूंनी आले. म्हैसूर संस्थानातले जे. एस. चक्रवर्ती यांनी १९२० मध्ये अशी मांडणी केली, की प्रत्येक शेताचे नुकसान तपासत बसण्यापेक्षा भागातल्या पावसाची तूट मोजावी आणि ठरलेल्या प्रमाणापेक्षा पाऊस कमी पडला तर सर्वांना भरपाई द्यावी. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर यांनी सत्तरच्या दशकात मांडलेला विचार याच कुळातला, फक्त पावसाऐवजी उत्पादनावर आधारलेला : एका विभागाची सरासरी ठरावीक उंबरठ्याखाली गेली, तर त्या विभागातल्या प्रत्येक विमेदार शेतकऱ्याला भरपाई. त्यावर १९७९ मध्ये प्रायोगिक योजना निघाली, १९८५ मध्ये सर्वंकष पीक विमा योजना, १९९९-२००० मध्ये राष्ट्रीय कृषी विमा योजना आणि २०१६ मध्ये आजची प्रधानमंत्री पीक विमा योजना. यात खरीपासाठी विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीसाठी दीड टक्का आणि नगदी व बागायती पिकांसाठी ५ टक्के एवढाच हप्ता शेतकऱ्याकडे आणि उरलेला केंद्र-राज्यांकडे असतो.

भरपाई ठरते ती पीक कापणी प्रयोगावर. भाताच्या वावरात दोरीने ठरावीक मापाचा चौकोन आखायचा, त्यातलेच पीक कापायचे, तिथेच ताडपत्रीवर झोडायचे, वजन करायचे आणि आकडा नोंदवायचा. चार-पाच गुंठ्यांवर करपा पडलेला शेजारी बांधावर उभा राहून हे पाहत असतो. त्याच्या शेतात दोरी पडत नाही, कारण चिठ्ठीत त्याचा गट आलेला नसतो. ग्रामपंचायतीच्या किंवा होबळीच्या (कर्नाटकातल्या महसुली मंडळाच्या) सरासरीत त्याचे नुकसान विरून जाते. पद्धत खर्चात परवडणारी आहे आणि फसवणुकीला आळा घालणारी आहे, हे मान्य करूनही ज्याचे शेत गेले त्याला ती समजावून सांगणे फार अवघड जाते, आणि परक्या भाषेत तर अशक्यच.

सीमेमुळे इथे आणखी एक पेच असतो. ज्यांची जमीन दोन्ही राज्यांत आहे त्यांना एका तुकड्यासाठी कन्नड पहाणी (तिकडचा जमिनीचा उतारा) आणि दुसऱ्यासाठी सातबारा जोडावा लागतो, आणि नियमही दोन. २०२३ च्या खरीपात महाराष्ट्राने शेतकऱ्याचा हिस्सा एक रुपयावर आणला, तेव्हा कर्नाटकातल्या तुकड्यासाठी त्याच माणसाला पूर्ण हिस्सा भरावा लागला. २०२५ मध्ये महाराष्ट्राने ती सवलत बंद केली.

आता मूळ प्रश्नाकडे : रक्कम वाढूनही प्रमाण का घसरले? विमाक्षेत्रातल्या सुधारणांसाठी नेमलेल्या मल्होत्रा समितीच्या १९९४ च्या अहवालानंतर १९९९ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाचा कायदा झाला आणि २००० मध्ये खासगी कंपन्या आल्या. परदेशी भागभांडवलाची मर्यादा २६ टक्क्यांवरून २०१५ मध्ये ४९, २०२१ मध्ये ७४ टक्के झाली आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात १०० टक्क्यांची घोषणा झाली. २००९ चे शिखर मात्र बऱ्याच अंशी शेअर बाजाराशी जोडलेल्या युलिप पॉलिसींनी उभे केले होते. बाजार चढता होता तोवर त्या विमा म्हणून नव्हे तर गुंतवणूक म्हणून विकल्या गेल्या; सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा मोठा भाग खर्चात जात असे आणि अनेकांनी तीन वर्षांनी पॉलिसी सोडून दिल्या. सप्टेंबर २०१० मध्ये नियामकाने युलिपचे शुल्क आणि मुदत यांवर कडक नियम लावले आणि विक्री ओसरली. प्रमाण घसरण्याचे मोठे कारण हे. संरक्षणासाठी घेतलेला विमा त्या उंचीवर कधी पोचलाच नव्हता.

संरक्षणाचा खरा विस्तार स्वस्त आणि सामूहिक योजनांनी केला, आणि त्यात कर्नाटकाचे श्रेय मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. २००३ मध्ये सुरू झालेल्या यशस्विनी योजनेत सहकारी संस्थेच्या सभासद शेतकऱ्याला सुरुवातीला वर्षाला ६० रुपयांत शस्त्रक्रियेचे संरक्षण मिळाले. बेळगाव जिल्ह्यात सहकाराचे जाळे दाट असल्याने ती सोसायटीच्या मार्गाने घरात पोचली. २०१८ मध्ये बंद होऊन २०२२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. केंद्राने २०१५ मध्ये आणलेल्या जीवनज्योती आणि सुरक्षा विम्याचा हप्ता आज अनुक्रमे ४३६ आणि २० रुपये आहे आणि संरक्षण प्रत्येकी दोन लाखांचे. २०१८ च्या आयुष्मान भारतने पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे रुग्णालयीन संरक्षण दिले. करोनानंतर आरोग्यविमा हा सर्वसाधारण विम्यातला सर्वांत मोठा हिस्सा बनला आहे.

सीमाभागात आरोग्यविमाही वादातून सुटला नाही. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना कर्नाटकातील ८६५ सीमावर्ती गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला आणि कर्नाटकाने त्याला तीव्र हरकत घेतली. दोन सरकारांची भूमिका काहीही असो, दवाखान्याच्या खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाचा प्रश्न एवढाच असतो की हातातले कार्ड इथे चालते की नाही. चंदगडचा रुग्ण बेळगावला येतो, निपाणीचा कोल्हापूरला जातो. माणसे जवळचा दवाखाना पाहतात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी उठला, त्यामुळे हप्ता हलका झाला आहे. त्याहून आमच्या दृष्टीने मोठा बदल कमी गाजला. १ जानेवारी २०२४ पासून आरोग्यविमा पॉलिसीबरोबर कंपनीने सोप्या शब्दांतले माहितीपत्रक दिलेच पाहिजे, आणि विमेदाराने मागितल्यास ते स्थानिक भाषेत दिले पाहिजे. शिवाय पॉलिसी वाचून न पटल्यास परत करण्याची मुदत आता ३० दिवसांची आहे. बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या किंवा कंग्राळीच्या विमेदाराची स्थानिक भाषा मराठी आहे. ते पत्रक मराठीत हवे असे प्रस्तावाच्या वेळीच एजंटाकडून किंवा बँकेकडून लेखी मागून घ्यावे लागते, आणि गेल्या वर्षभरात मी ज्यांना ज्यांना विचारले त्यांतल्या एकालाही ते मागता येते हे ठाऊक नव्हते.