झग्यातले कम्युनिस्ट: हा शिक्का बसला कसा

लिबरेशन थिऑलॉजीचा (लॅटिन अमेरिकेतल्या कॅथलिक चर्चमधला गरिबांच्या बाजूने उभं राहणारा धर्मविचार) विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणणार, अरे ते तर केजीबीचं, म्हणजे सोव्हिएत गुप्तहेर खात्याचं, पिल्लू! हे पसरवलं ते इऑन पाचेपाने, १९७८ ला अमेरिकेला पळून आलेला रुमानियन गुप्तहेर अधिकारी, आणि तेही कितीतरी वर्षांनी, कागदाचा पुरावा शून्य.

मुळात जुलै १९६८ मध्ये पेरूच्या चिंबोते बंदरात गुस्तावो गुतिएरेस नावाच्या फादरनी ह्या विषयावर भाषण दिलं आणि पुढच्याच महिन्यात कोलंबियात मेदेयीनला बिशपांची परिषद भरली, तिथे तर खुद्द चर्चनेच लिहून दिलं की इथली गरिबी म्हणजे नशीब नाही, व्यवस्थेतच अन्याय आहे. मग खेड्यात, झोपडपट्टीत लोक गोल करून बसायचे, बायबल वाचायचे आणि वाचता वाचता जमीन कोणाची, मजुरी किती यावर यायचेच.

बाहेरून बघणाऱ्यांच्या डोळ्यांवर मात्र क्युबातल्या कम्युनिस्ट क्रांतीचा चष्मा. त्यात कामिलो तोरेस हा कोलंबियन फादर थेट गनिमी बंडखोरांत जाऊन १९६६ ला मारला गेलेला, झालं, एकावरून सगळे बंदूकवाले ठरले. १९६९ ला अमेरिकेचे अध्यक्ष निक्सनने न्यूयॉर्कचे गव्हर्नर नेल्सन रॉकफेलरना लॅटिन अमेरिकेच्या दौऱ्यावर पाठवलं तर त्यांच्या रिपोर्टात चर्चमध्ये उलथापालथ करणारे घुसू शकतात अशी धास्ती, आणि १९८० च्या सांता फे डॉक्युमेंटमध्ये (रेगनच्या बाजूच्या मंडळींनी लिहिलेला धोरणाचा कागद) तर अमेरिकेने या थिऑलॉजीचा मुकाबलाच करावा असं सरळ लिहिलंय. गंमत बघा, त्याच वर्षी पोलंडमध्ये सॉलिडॅरिटीवाले (कम्युनिस्ट सरकारविरुद्ध उठलेले कामगार) संपाच्या गेटवर पोपचा फोटो लावून बसले होते, तो धर्म राजकारणात आलेला वॉशिंग्टनला चालत होता!

पोप जॉन पॉल दुसरे स्वतः पोलंडचे, कम्युनिस्ट राजवट अंगावर काढलेले, त्यामुळे मार्क्सचं नाव आलं की त्यांचे कान टवकारायचे, आणि ते मला समजूही शकतं. १९८३ ला निकाराग्वात मनाग्वा विमानतळावर तिथल्या डाव्या सरकारात मंत्री झालेले फादर एर्नेस्तो कार्देनाल गुडघे टेकून बसले तर पोपनी बोट नाचवून झापलं, तो फोटो जगभर गेला. १९८४ ला व्हॅटिकनमध्ये धर्मसिद्धांताचं खातं सांभाळणाऱ्या कार्डिनल रात्सिंगरचं पत्रक आलं, मार्क्सवाद डोळे झाकून उचलू नका म्हणून. त्याच पत्रकात गरिबांची बाजू घेणाऱ्यांना हे लागू नाही असंही होतं, पण ते कोण वाचतंय.

एल साल्वादोरमध्ये हा शिक्का जिवावर बेतला. १९७७ ला तिथे पत्रकं वाटली गेली, देशभक्ती करा, एक पाद्री मारा. आर्चबिशप रोमेरो तसे जुन्या वळणाचे, थिऑलॉजीवाल्यांपासून चार हात लांबच, पण मित्र फादर रुतिलिओ ग्रांदेंना गोळ्या घातल्यावर बोलायला लागले, अमेरिकेचे अध्यक्ष कार्टरना पत्र लिहिलं की लष्कराला मदत देऊ नका, आणि २४ मार्च १९८० ला मिस्सा (चर्चमधली उपासना) चालू असतानाच त्यांना गोळी घातली. त्यानंतर त्यांची संतपदाची फाइल रोममध्ये वर्षानुवर्षं अडकून, का तर माणूस श्रद्धेसाठी मेला की राजकारणासाठी. ती मोकळी करायचं ठरवलं २०१२ च्या अखेरीस पोप बेनेडिक्टनी (म्हणजे तेच रात्सिंगर), आणि पोप फ्रान्सिसच्या काळात, २०१८ ला, रोमेरो संत झाले.