डांग्या खोकल्याचं विष आणि हवाईची माकूळ

‘९९.९ टक्के जंतूंचा नाश’ असं साबणाच्या बाटलीवर लिहिलेलं असतं आणि प्रोबायोटिक पेयाच्या बाटलीवर ‘चांगले जिवाणू’. दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच: जिवाणू जन्मतःच चांगले किंवा वाईट असतात. ती किती कच्ची आहे हे हवाईतल्या एका बोटभर प्राण्याने फार सुंदर दाखवलं आहे.

युप्रिम्ना स्कोलोपीस हा हवाईच्या उथळ किनाऱ्यावरचा स्क्विड, कोकणातल्या माकुळीचा भाऊबंद. दिवसा वाळूत पुरून राहतो, रात्री शिकारीला निघतो. चांदण्यात त्याची काळी आकृती खालच्या माशांना दिसायला हवी. पण त्याच्या पोटाकडचा एक अवयव वरून येणाऱ्या उजेडाइतकाच उजेड खाली सोडतो आणि आकृती लपते. हा उजेड अवयवात राहणाऱ्या व्हिब्रिओ फिशेरी या जिवाणूंचा असतो. हा जिवाणू कॉलऱ्याच्या जिवाणूच्याच कुळातला.

पिल्लू अंड्यातून बाहेर पडतं तेव्हा हा अवयव रिकामा असतो. मिलिलिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण दहा लाख जिवाणू असतात; त्यात व्हिब्रिओ फिशेरी हजारात एकही नसतो. तरी काही तासांत नेमका तोच आत पोचतो. अवयवाच्या दोन्ही बाजूंना लवलवत्या सूक्ष्म केसांच्या शेंड्या असतात. त्या पाणी ओढतात आणि पाण्यात जिवाणूंच्या पेशीभित्तिकेचे तुकडे जाणवले की चिकट द्रव सोडतात. त्या द्रवात व्हिब्रिओ फिशेरी इतरांना मागे टाकतो आणि कायटिनपासून (खेकडा-कोळंबीच्या कवचात असतो तो पदार्थ) सुटलेल्या साखरेच्या मागावर बारीक छिद्रांतून आत शिरतो.

मला सगळ्यात मोह पडतो तो पुढच्या घटनेचा. जिवाणू आत स्थिरावले की चार-पाच दिवसांत त्या शेंड्या झडून जातात. पेशी स्वतःहून मरतात. आदेश कुणाचा? जीवशास्त्रज्ञ मार्गारेट मॅकफॉल-न्गाय यांच्या गटाने २००४ मध्ये उत्तर दिलं: जिवाणूच्या पेशीभित्तिकेचा एक तुकडा, दोन शर्करा आणि चार अमिनो आम्लांचा. जिवाणूच्या बाह्यावरणातल्या लायपोपॉलिसॅकराइड या साखर-चरबीच्या रेणूची साथ मिळाली की त्याचा परिणाम आणखी वाढतो. पेशीभित्तिकेचा हा तुकडा वैद्यकाला आधीच ठाऊक होता. त्याचं नाव ट्रॅकियल सायटोटॉक्सिन, म्हणजे श्वासनलिकेचं विष. डांग्या खोकल्याचा जिवाणू हाच रेणू सोडतो आणि आपल्या श्वासनलिकेतल्या केसाळ पेशी नष्ट होतात. परम्याच्या रोगातही तो आढळतो. रेणू तोच, मरणाऱ्या पेशीही केसाळच. पण बाळाच्या घशात तो आजार ठरतो आणि स्क्विडमध्ये अवयवाची वाढ पूर्ण करणारा निरोप. शिवाय बारा तासांनी प्रतिजैविकाने सगळे जिवाणू मारले, तरी शेंड्या झडतातच. एकदा पोचलेला निरोप मागे घेता येत नाही.

म्हणून ‘चांगले जिवाणू’ विकणाऱ्यांचे सरसकट दावे मला पटत नाहीत. इथे एक प्राणी आणि एकच जिवाणू, तरी हे नातं उलगडायला कित्येक वर्षं गेली. आपल्या आतड्यात शेकडो जाती राहतात.

स्क्विड भाडेकरूंवर नजरही ठेवतो. रोज पहाटे तो नव्वद टक्क्यांहून अधिक जिवाणू पाण्यात सोडून देतो. उरलेले दिवसभरात वाढून जागा भरतात. प्रयोगशाळेत उजेड न देणारे जिवाणू तयार करून पिल्लांना दिले, तेव्हा ते आत शिरले खरे, पण टिकले नाहीत. पुढे या अवयवातच डोळ्यात असतात तशी उजेड ओळखणारी प्रथिनं सापडली.