गोलंदाजाच्या आठवणी: कारगिलच्या तोफांमागचा इतिहास

आमचे मामा तोफखान्यात होते. 1999 च्या उन्हाळ्यात त्यांची रेजिमेंट द्रासच्या भागात होती. कारगिलचा विषय निघाला की ऐकणाऱ्याला शिखराची, झेंड्याची गोष्ट हवी असते आणि मामा सांगतात आकडे. नळी किती उचलली, चार्ज, म्हणजे गोळा फेकणारी दारू, कितवा भरला, रात्रीतून किती गोळे गेले. "शत्रू आपण बघितलाच नाही रे. आपण फक्त आकडा ऐकायचा आणि मारायचं," असं ते म्हणतात. लहान होतो तेव्हा हिरमुसायचो. त्या आकड्यांत काय भरलंय हे पुष्कळ उशिरा कळलं, आणि ते कळायला बरंच मागे जावं लागलं.

गोलंदाज म्हटलं की आज आपल्याला क्रिकेटच आठवतं. मूळ अर्थ गोळा फेकणारा, म्हणजे तोफ डागणारा. पेशवाईत तोफखान्याची सरदारकी पानशांकडे होती, पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या तोफा होत्या. इंग्रजांनी शब्द तसाच उचलला. 28 सप्टेंबर 1827 रोजी मुंबई इलाख्याच्या तोफखान्यात 'गोलंदाज बटालियन'ची एक कंपनी उभी राहिली. तीच पुढे 5 (बॉम्बे) माउंटन बॅटरी झाली आणि आजही भारतीय तोफखाना 28 सप्टेंबरलाच आपला दिवस साजरा करतो.

1857 नंतर मात्र इंग्रजांनी हिंदी शिपायाच्या हातातून तोफ काढून घेतली. बंदूक चालेल, तोफ नको. उरल्या त्या प्रामुख्याने खेचरांवर सुट्या भागांत लादून नेण्याच्या डोंगरी तोफा. मैदानी तोफांची पहिली हिंदी तुकडी बंगळुरात उभी राहिली ती थेट 1935 च्या जानेवारीत. मधली पाऊणशे वर्षं हा अविश्वास टिकला, हे मला फार लागतं.

तो किती अनाठायी होता हे डिसेंबर 1944 मध्ये ब्रह्मदेशातल्या कलादान खोऱ्यात दिसलं. हवालदार उमराव सिंग यांच्या तोफेवर जपान्यांनी हल्ल्यामागून हल्ले चढवले. गोळे संपले, सोबती पडले, तेव्हा त्यांनी तोफेचा लोखंडी दांडा उचलला आणि हातघाईवर आले. सहा तासांनी ते सापडले ते आपल्या तोफेजवळ बेशुद्ध, अंगावर सात जखमा, भोवती दहा जपानी सैनिकांची प्रेतं. तोफ शाबूत होती आणि त्याच दिवशी पुन्हा डागली गेली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

मामांची तोफ बोफोर्स. 155 मिलिमीटरच्या 410 तोफांचा करार मार्च 1986 मध्ये झाला. साधारण वर्षभराने दलालीचं प्रकरण बाहेर आलं आणि त्यानंतर लोकांच्या तोंडी हे नाव राहिलं ते राजकारणातलं. तोफेवर शिकलेल्या पोरांना तिची वेगळी ओळख होती. तिचा एक गोळा सुमारे 43 किलोचा. बारा-चौदा सेकंदांत असे तीन गोळे जातात, आणि मारा झाला की स्वतःच्या इंजिनावर ती थोडी सरकून जागा बदलू शकते.

कारगिलमध्ये या जागा बदलण्याला जिवाचं मोल होतं. घुसखोर बसले होते डोंगरमाथ्यावर, खालचा श्रीनगर–लेह रस्ता त्यांच्या नजरेखाली. चिंचोळ्या दरीत आपल्या तोफा लावायला जागा ती केवढी, बहुतेक रस्त्याच्या आसपासच. वरून कुणी दुर्बिणीतून बघायचं आणि पलीकडच्या पाकिस्तानी तोफांना सांगायचं. पलीकडची तोफ नेमकी कुठून बोलतेय हे दाखवणारं आधुनिक रडार तेव्हा आपल्याकडे नव्हतं.

आणि आता ते आकडे. द्रास दहा हजार फुटांच्या वर, शिखरं सोळा-सतरा हजारांवर. हवा विरळ, म्हणून गोळा नेहमीच्या हिशेबापेक्षा लांब जातो. धारदार कड्यावर पाच-पन्नास मीटरची चूक झाली तर तो बंकरवर न पडता पलीकडच्या नाळेत शेकडो मीटर खाली जातो. अलीकडे पडला तर आपलंच पायदळ चढत असतं. म्हणून पायदळाबरोबर तोफखान्याचा निरीक्षक, ज्याला सगळे 'ओपी' म्हणतात, वर चढायचा आणि वायरलेसवर दुरुस्ती सांगायचा. मामांच्या कानात तो आवाज अजून आहे. धापा टाकत बोलणारा, मधूनच तुटणारा, पण आकडा दोनदा स्पष्ट सांगणारा. त्या साहेबांचा चेहरा मामांनी कधीच पाहिला नाही.

काही ठिकाणी बोफोर्स पुढे नेऊन नळी सरळ बंकरवर रोखूनही मारा झाला. एवढ्या मोठ्या तोफेला हे सहसा करावं लागत नाही.

युद्धात आपल्या तोफा, मॉर्टर आणि रॉकेट लाँचर मिळून सुमारे अडीच लाख गोळे आणि रॉकेटं डागली गेली. ऐन धुमश्चक्रीत रोज पाच हजारांच्या घरात. टायगर हिल घेतली त्या दिवशी नऊ हजार. यातला प्रत्येक गोळा कुणीतरी पेटीतून काढून, पुसून, उचलून नळीपर्यंत नेलाय. मामांचा डावा कान तेव्हापासून जवळजवळ गेलेला आहे. देवळालीच्या तोफांच्या सराव-रेंजवर फायरिंग सुरू झालं की नाशिकरोडच्या घरात आम्हाला आवाज येतो. मामा खिडकीच्या काचेला पंजा टेकवून बसतात आणि गोळे मोजतात.

30 जुलै 2022 रोजी द्रासच्या पॉइंट 5140 या शिखराला 'गन हिल' नाव देण्यात आलं, तोफखान्याच्या सन्मानार्थ. मी मोबाइलवर फोटो दाखवला. मामांनी तो बोटांनी मोठा केला, माथ्यावरून खाली, आणखी खाली सरकवत नेला आणि विचारलं, "रस्ता कुठंय यात? आमची गन रस्त्याच्या कडेला होती."