रेखांश-सांधा

जाळीबद्ध (ग्रिड) विदेच्या (डेटाच्या) जागतिक नकाशात रेखांशांची मोजणी जिथे संपून पुन्हा सुरू होते ती रेषा. तिथे नकाशा अखंड राहावा म्हणून करायच्या संस्कारांचाही विचार या नोंदीत केला आहे.

2.5 अंशांच्या जागतिक जाळीत 0 ते 357.5 असे 144 स्तंभ असतात. 360 म्हणजे पुन्हा 0, म्हणून तो साठवत नाहीत. समतापरेषा काढणारी आज्ञावली लगतच्या स्तंभांमध्येच अंतर्वेशन करते, म्हणजे मधल्या किमती काढते. 357.5 आणि 0 हे सारणीच्या दोन टोकांना पडल्यामुळे ग्रिनिचलगत उभी पांढरी पट्टी उरते. पहिला स्तंभ 360 रेखांश देऊन शेवटी पुन्हा जोडला की ती भरते. हा चक्रीय स्तंभ रेखाटनापुरताच ठेवावा. तो धरून जागतिक सरासरी काढल्यास एक रेखावृत्त दोनदा मोजले जाते.

रेखांश 0–360 असे सलग मोजावेत की ±180 असे दोन्ही दिशांना, हा मोजणीच्या दोन रीतींचा वाद संगणकापूर्वीचा आहे. 1883 च्या रोम येथील भूगणितीय परिषदेने पश्चिमेकडून पूर्वेकडे, एकाच दिशेने सलग मोजणी सुचवली होती. 1884 च्या वॉशिंग्टन परिषदेने पूर्व धन व पश्चिम ऋण अशी 180 अंशांपर्यंतची दुहेरी मोजणी स्वीकारली. मात्र 14 विरुद्ध 5 मतांनी, 6 देश तटस्थ असताना. हवामान-प्रारूपांतील 0–360 ही रीत रोमच्या शिफारशीशी जुळते, पण तिचे मूळ गणिती सोयीत असावे, हे अधिक पटते.

±180 रीतीत येण्यासाठी रेखांशात 180 मिळवून, 360 ने भागून, बाकीतून 180 वजा करतात. इथे ऋण संख्येची बाकी घात करते. −190 चे पायथन या संगणकभाषेत 170 होतात. फोर्ट्रान या दुसऱ्या भाषेतले ‘मॉड’ हे बाकी काढणारे फल भाज्याचे चिन्ह राखत असल्याने −190 तसेच राहतात, म्हणून तिथे ‘मॉड्युलो’ वापरावे. त्यानंतर रेखांश चढत्या क्रमाने लावून विदेचे स्तंभही त्यांच्याबरोबर हलवावे लागतात. हे राहिले तर रेषा नकाशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडव्या धावतात.

सांधा अभ्यासक्षेत्रापासून दूर ठेवणे श्रेयस्कर. एल निनोसाठी 0–360 योग्य, कारण ±180 मध्ये प्रशांत महासागर दुभंगतो; आफ्रिकेसाठी उलट.

सीमारेषांसारख्या सदिश (बिंदू व रेषांच्या रूपात साठवलेल्या) आकृत्या 180 रेखावृत्तावर कापून दोन भागांत द्याव्यात, अशी शिफारस जिओजेसन या भौगोलिक विदेच्या संगणकीय स्वरूपाच्या 2016 च्या मानकात आहे.